प्रौढ नवशिक्याची पहिली डर्ट बाइक: हीरो एक्सपल्स २०० ४व्हीचे परीक्षण

वयाची पस्तिशी-चाळिशी ओलांडल्यावर डर्ट बाइक शिकायला निघालेल्या माणसाची गरज आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची गरज यांत मोठा फरक असतो. मुलगा पडतो, कपडे झटकतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. प्रौढ माणसाला सोमवारी कामावर हजर व्हायचे असते, त्याच्या घोट्याची सूज उतरायला आठवडे लागतात आणि घरी उत्तरे द्यावी लागतात ती वेगळीच. त्याच्याकडे पैसे मात्र मुलापेक्षा जास्त असतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. परवडते म्हणून तो शोरूममधली सर्वांत उंच, सर्वांत ताकदवान गाडी पसंत करतो, पहिल्या पावसाळ्यात दोन-चार वेळा आपटतो आणि दिवाळीपर्यंत ती गाडी ‘अगदी कमी वापरलेली’ म्हणून विक्रीला निघते. हे परीक्षण अशा माणसासाठी आहे. गाडी किती पळते हा प्रश्न मी यात दुय्यम मानला आहे. ती पडल्यावर एकट्याला उचलता येते का आणि त्या पडण्याचे बिल किती येते, या कसोटीवर हीरो एक्सपल्स २०० ४व्ही मी पाहिली आहे, आणि या कसोटीवर आज तरी तिला तोड नाही असे माझे मत झाले आहे.

आधी बाजाराची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या खऱ्या मोटोक्रॉस गाड्यांना हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतात आणि आरटीओकडे त्यांची नोंदणी होत नाही. त्या ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच चालवायच्या आणि तिथपर्यंत टेम्पोत घालून न्यायच्या. त्यांच्या इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तर चालवलेल्या तासांवर मोजतात, आणि २५० किंवा ४५० सीसीच्या अशा गाडीवर मनगट जरा जास्त पिळले गेले की पुढचे चाक हवेत जाते. पुण्यात किंवा ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करणाऱ्या माणसाला हा मार्ग व्यवहार्य नाही. त्याला नंबर प्लेट असलेली, घरापासून मातीपर्यंत स्वतः जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी हवी असते. सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्यातला असा पर्याय हीरोने २०११ मध्ये इम्पल्सच्या रूपाने दिला होता. १५० सीसीची, जेमतेम १३४ किलोची ती गाडी चिखलात सुरेख चालत असे, पण महामार्गावर तिचा दम लवकर संपे. ती फारशी खपली नाही आणि बंद झाली. तिचा वारसा २०१९ मध्ये एक्सपल्स २०० ने पुढे चालवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचे इंजिन असलेली ४व्ही आली. २०२४ च्या डकार रॅलीत रॉस ब्रँच यांनी हीरोच्या गाडीवर दुसरे स्थान मिळवले हे खरे आहे, परंतु ती ४५० सीसीची स्पर्धेची गाडी असून तिचे आणि या गाडीचे नाते मुख्यतः नावापुरतेच आहे. शोरूममध्ये कोणी तसे सुचवू लागल्यास ऐकून सोडून द्यावे.

४व्हीचे इंजिन १९९.६ सीसीचे, ऑइल कूलिंगचे असून ते सुमारे १९ पीएस ताकद आणि १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क देते. गिअर पाच आहेत. पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ इंची, दोन्हींना तारांच्या रिम. पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १९० मिमी, मागच्याची १७० मिमी. इंजिनाच्या तळाची जमिनीपासूनची उंची २२० मिमी, सीटची उंची ८२५ मिमी आणि वजन सुमारे १५८ किलो. यांतला एकही आकडा जागतिक दर्जाच्या डर्ट बाइकशेजारी ठेवावा असा नाही. १९ पीएस ऐकून डर्ट बाइकच्या दर्दी मंडळींना हसू येते. प्रौढ नवशिक्याच्या दृष्टीने मात्र यातला महत्त्वाचा आकडा शेवटचा आहे.

नवशिक्या वेगात फारसा पडत नाही. तो पडतो उभ्या जागी: चढावर इंजिन बंद पडते, पाय टेकवायला जावे तर खाली खड्डा निघतो आणि गाडी हळूहळू, डोळ्यांदेखत आडवी होते. ओल्या पाणंदीवर तासाभरात हे तीन-चार वेळा होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळी गाडी उचलावी लागते आणि तिसऱ्या वेळेनंतर माणूस दमतो तो चालवण्याने नव्हे, उचलण्याने. १५८ किलो हे काही हलके वजन नाही; पण रीत माहीत असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाला ते एकट्याने पेलते. प्रथम इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा, म्हणजे चाक घरंगळत नाही. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधीच साइड स्टँड काढून ठेवावा, अन्यथा उभी झालेली गाडी पलीकडे कलंडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, सीटकडे पाठ करून, गुडघे वाकवून बसावे. एक हात हँडलच्या खालच्या टोकाला आणि दुसरा मागच्या ग्रॅब रेलला लावून, कंबर न वाकवता, पायांच्या जोराने मागे-मागे पावले टाकत उठावे. हीच कृती रॉयल एन्फील्डच्या १९६ किलोच्या हिमालयन ४५० वर एकदा करून पाहावी. उतारावर, चिखलात, घाम आलेल्या हातांनी. त्यानंतर त्या चांगल्या गाडीच्या चांगुलपणाविषयी नवशिक्याचे मत थोडे बदलते.

उंचीचा प्रश्न याला जोडूनच येतो. ८२५ मिमीची सीट पुढे निमुळती असल्यामुळे साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही चवडे टेकतात, आणि नितंब थोडा एका बाजूला सरकवला तर एक पाय पूर्ण टेकतो. माझ्या मते शिकण्याच्या काळात एवढे पुरे, पण याहून कमी नको. म्हणूनच याच गाडीची ‘प्रो’ आवृत्ती मी नवशिक्याला सुचवणार नाही. प्रोमध्ये पुढच्या सस्पेन्शनची हालचाल २५० मिमी आणि मागच्याची २२० मिमी होते, जमिनीपासूनची उंची २७० मिमी होते, आणि दोन्हीकडचे सस्पेन्शन आपल्या वजनानुसार जुळवून घेता येते. उड्या मारणाऱ्यासाठी हे सारे उत्तम आहे. पण सीट थेट ८९१ मिमीवर जाते. सहा फुटांच्या आतल्या माणसाला त्या उंचीवर पाय टेकवण्यापूर्वी विचार करावा लागतो, आणि विचार होईपर्यंत गाडी आडवी झालेली असते. सस्पेन्शनची जादा हालचाल वापरण्याइतके कौशल्य यायला नवशिक्याला बराच काळ जावा लागतो. पाय न पोचण्याचा त्रास मात्र पहिल्या मिनिटापासून सुरू होतो.

इंजिनाच्या स्वभावाबद्दल मला विशेष लिहिले पाहिजे, कारण या गाडीवर सर्वांत जास्त टीका याच बाबतीत होते. रस्त्यावर ही टीका रास्त आहे: ताशी ९० किलोमीटरच्या पुढे ती धापा टाकते, हँडल आणि फुटपेगांत कंपने जाणवतात आणि पुणे–सातारा महामार्गावर तिला ट्रकच्या पुढे काढताना मोकळी जागा नीट पाहावी लागते. मातीत चित्र उलटे होते. खालच्या वेगात ती हाफ क्लचवर निमूटपणे चालते आणि थ्रॉटल चुकून जास्त उघडला गेला तरी मागचे चाक जरासे घसरून थांबते. स्वाराच्या हातातून गाडी सुटत नाही. नवशिक्याला क्लच, मागचा ब्रेक आणि तोल यांचा मेळ बसवायचा असतो आणि त्या काळात इंजिनाने मध्ये बोलू नये हेच बरे. पहिला गिअर थोडा लांब वाटतो ही तक्रार खरी आहे. दगडधोंड्यांच्या चढावर अगदी चालण्याच्या गतीने जायचे तर क्लच सतत चेपावा लागतो आणि काही वेळाने त्याचा वास येऊ लागतो. पुढचे स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) एका दाताने लहान बसवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. त्याने महामार्गावरचा वेग आणखी थोडा घटतो, पण ज्याला महामार्गाचीच चिंता आहे त्याने मुळात वेगळी गाडी घ्यावी.

डर्ट बाइक उभे राहून चालवायची असते, हे बहुतेक नवशिक्यांना पहिल्या धड्यात कळते. एक्सपल्सवर उभे राहिल्यावर गुडघ्यांना टाकी बरोबर सापडते, हँडल रुंद आहे, परंतु उंच माणसाला ते जरा खाली वाटते. रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवून घेतल्यास पाठ वाकत नाही. २०२३ च्या बदलांत फुटपेग थोडे खाली आणि मागे नेले आहेत आणि त्याने उभे राहणे सुधारले आहे. वापरलेली गाडी घेताना शक्य तर २०२३ ची किंवा त्यानंतरची पाहावी, कारण त्याच वेळी एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, तीन मोड मिळाले. या गाडीचे एबीएस फक्त पुढच्या चाकाला असल्यामुळे मागचे चाक हवे तेव्हा लॉक करून घसरवता येते, आणि ही शिकण्याची फार मोठी सोय आहे. ऑफ-रोड मोडमध्ये पुढचे एबीएस उशिरा हस्तक्षेप करते आणि रॅली मोडमध्ये ते पूर्ण बंद होते. नवशिक्याने रॅली मोड काही महिने विसरून जावा.

आता पडण्याचे बिल. उतरणीवर ही गाडी डाव्या अंगावर पडली असता सर्वप्रथम क्लच लिव्हर, मग गिअरचा पाय (पायाने दाबायची दांडी) आणि मग इंडिकेटर यांचा क्रम लागतो. लिव्हर काही शे रुपयांत, तालुक्याच्या गावीसुद्धा मिळून जाते आणि वाकलेला गिअरचा पाय पान्ह्याने सरळ करता येतो. इंजिनाखाली बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) कंपनीकडूनच येते, सायलेन्सर वर उचललेला असल्याने ओढ्यात किंवा दगडावर तो पहिला मार खात नाही. लिव्हर वाचवण्याची एक युक्ती गॅरेजवाले सांगतात ती जरूर करावी: लिव्हरच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्यावेत आणि त्याचे बोल्ट इतकेच आवळावेत की हाताने जोर लावल्यावर क्लॅम्प हँडलवर फिरेल. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरते, आणि पुन्हा जागेवर आणून घरी येता येते. मुठीपुढे दिलेले प्लास्टिकचे आवरण वारा आणि काट्याकुट्या अडवते, आपटण्यापासून वाचवत नाही. आतून धातूची पट्टी असलेले हँडगार्ड लावून घेणे हा या गाडीवर करण्यासारखा पहिला खर्च आहे.

टायरविषयी महाराष्ट्रात वेगळे लिहावे लागते, कारण आपल्याकडे माती एक नाही. कंपनीकडून येणारे सिएटचे टायर पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ या मापाचे असून त्यांचे गट्टू (टायरवरचे उंचवटे) मध्यम खोल आहेत. कोरडा मुरूम, खडीचा रस्ता आणि मावळ-मुळशीतील डोंगराळ गाडीवाटा यांवर ते विश्वासाने चालतात. कोकणातल्या जांभ्यावर, तो कोरडा असेतोवर, त्यांची पकड आश्चर्य वाटावे इतकी चांगली असते. पावसात त्याच जांभ्यावर शेवाळ धरले की कोणताच टायर कामाचा नाही, तिथे गाडी हातात धरून चालावे. खरी परीक्षा देशावरच्या काळ्या मातीची. जुलैत सोलापूर किंवा नगरच्या बाजूला ओल्या काळ्या रानात शिरलात तर वीस पावलांत गट्टूंमधल्या फटी भरून टायर गुळगुळीत होतात, मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल घट्ट बसतो आणि चाक फिरणेच थांबते. याला टायर बदलून उत्तर मिळत नाही. वाफसा येण्याची वाट पाहणे हेच उत्तर आहे, आणि ते शेतकऱ्याला नांगरटीपूर्वीपासून ठाऊक आहे. मातीत उतरण्यापूर्वी हवा थोडी कमी करावी, पण टायर ट्यूबचे असल्याने फार कमी केल्यास दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. बरोबर २१ इंची ट्यूब ठेवावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकातही कशीबशी बसते. १८ इंचीचे पुढे काही होत नाही.

या गाडीशी तुलना करण्याजोग्या गाड्यांत कावासाकी केएलएक्स २३० हीच खरी प्रतिस्पर्धी आहे, आणि निव्वळ मातीचा विचार केला तर ती एक्सपल्सपेक्षा चांगली डर्ट बाइक आहे हे मान्य केले पाहिजे. तिचे वजन १३९ किलो. एकोणीस-वीस किलोंचा हा फरक तिसऱ्यांदा गाडी उचलताना दंडांना कळतो. इंजिन साधे, हवेने थंड होणारे, सस्पेन्शनची हालचाल पुढे २४० आणि मागे २५० मिमी. डिसेंबर २०२४ मध्ये ती ३ लाख ३० हजारांना आली तेव्हा नवशिक्याने तिच्याकडे पाहण्याचे कारण नव्हते. नंतर तिची किंमत २ लाखांच्या आसपास उतरल्यापासून मात्र ते कारण आहे. तरी दोन बाबी आड येतात. सीट ८८० मिमीवर आहे आणि टाकी ७.६ लिटरची आहे. शिवाय कावासाकीची सेवा केंद्रे मोठ्या शहरांपुरती असून तुटलेल्या भागासाठी थांबावे लागू शकते. पाच फूट दहा इंचांच्या वरच्या, शहरात राहणाऱ्या आणि दुसरी गाडी असलेल्या माणसाने मात्र तिची चाचणी घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

एक्सपल्स २१० ही याच गाडीची पुढची पिढी. पाण्याने थंड होणारे २४.६ पीएसचे इंजिन, सहा गिअर, पुढे २१० आणि मागे २०५ मिमीची हालचाल. २०२५ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास ती बाजारात आली. महामार्गावरचे जवळजवळ सगळे दोष तिने दूर केले आहेत. वजन मात्र दहा किलोंनी वाढले आणि रेडिएटर आला, म्हणजे पडण्याच्या बिलात एक महाग ओळ वाढली. नवीच गाडी घ्यायची असेल तर हीच घ्यावी, फक्त रेडिएटरला गार्ड लावून घ्यावा. चाकणला बनणारी केटीएम ३९० एंड्युरो आर दिसायला या सर्वांत देखणी. ४६ पीएस, १७७ किलो, ८६० मिमीची सीट. ती उत्तम गाडी आहे आणि पहिली गाडी म्हणून चुकीची आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, हेही हिशेबात धरावे.

गाडीवर वाचलेले पैसे बुटांवर खर्च करावेत. घोटा आणि नडगी झाकणारे खरे मोटोक्रॉस बूट पंधरा-वीस हजारांना पडतात आणि ते पाहून घरचे लोक हसतात. पण १५८ किलोची गाडी पावलावर पडते तेव्हा ट्रेकिंगचा बूट काही करू शकत नाही. त्याबरोबर गुडघ्यांचे कडक गार्ड, आयएसआय खुणेचे हेल्मेट आणि गॉगल. मग एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडे शनिवार-रविवारचा वर्ग लावावा. सायलेन्सर बदलण्याच्या खर्चात हा वर्ग होतो, आणि सायलेन्सरचा आवाज गावोगावी वैर मात्र वाढवतो.

गाडी कुठे चालवायची याचा विचार खरेदीपूर्वी झालेला बरा. वनखात्याची जमीन आणि अभयारण्ये वर्ज्य आहेत. सह्याद्रीतले सडे मोकळे आणि सपाट दिसतात, पण कातळावरच्या दोन बोटे मातीत पावसाळ्यात जी फुले येतात ती एका चाकाने कायमची जाऊ शकतात. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या कासच्या बाबतीत हे सर्वांना माहीत आहे, बाकीच्या सड्यांच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. पीक निघालेले रान, बंद पडलेली खाण, नदीचा कोरडा खडकाळ पट्टा, हे सराव करण्याजोगे आहेत, मात्र मालकाला विचारून. बांधावरून चाक गेले तर भांडण गाडीवाल्यापुरते राहत नाही. आणि ज्या ओढ्यातून आपण बूट-गार्ड चढवून, मित्रांना व्हिडिओ काढायला सांगून जातो, त्यातूनच दूधवाला दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून स्प्लेंडरवर रोज सकाळी जात असतो, हेही तिथे दिसते.

मी नवशिक्याला ४व्ही वापरलेलीच घ्यायला सांगेन. नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा माणसाला महिनाभर जपून चालवायला लावतो आणि जपून चालवणारा शिकत नाही. अशी गाडी पाहायला जाताना मॅकेनिक बरोबर न्यावा. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवावे. मध्यभागी अडकल्यासारखे झाले तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असेल तर सील बदलावे लागतील. चाके फिरवून रिम आउट आहे का, तारा सैल आहेत का ते पाहावे, मागचे चाक आडवे हलवून स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशांचा अंदाज घ्यावा. बॅश प्लेटवरचे पोचे पाहून घाबरू नये, पण इंजिनाच्या केसवर वेल्डिंग असेल तर तिथूनच परतावे. बॉक्सात पडून असलेले मूळ आरसे, साडी गार्ड आणि दुसरी किल्ली मागून घ्यावी. आरसी बुकावर कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आहे याची खात्री झाल्यावरच पैशांची बोलणी सुरू करावीत.